गृहिणीची पत



बँकेच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका भगिनीचे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा. गाव मालेगाव असेल, भिवंडी असेल किंवा तुमचे-आमचे कोणतेही. लग्नाला अठरा वर्षे झाली आहेत. फजरच्या अजानीपूर्वी तिचा दिवस सुरू होतो आणि घरातील शेवटचा माणूस झोपल्यावर तो संपतो. तिच्या हातात शिवणकला आहे. एक चांगले शिलाई यंत्र आणि पिको-फॉलचे यंत्र मिळाले, तर घर सांभाळून चार पैसे मिळवता येतील, मुलीच्या शिक्षणाला हातभार लागेल, एवढीच तिची इच्छा आहे. त्यासाठी तिला थोडे कर्ज हवे आहे.

खिडकीतील कर्मचारी सौजन्याने विचारतो, “उत्पन्नाचा दाखला?” तिच्याकडे नाही. “काही तारण?” दागिने होते; ते पतीच्या दुकानासाठी गहाण पडले आणि अद्याप सुटलेले नाहीत. “नावावर जागा, जमीन?” वडिलांच्या निधनानंतर तिने भावांच्या नावे हक्कसोडपत्र लिहून दिले आहे. “मग जामीनदार?” घरी विचारावे लागेल. ती परत फिरते. दोन दिवसांनी गल्लीत गटकर्ज देणारा माणूस येतो. त्याला दाखला नको, तारण नको, जमीन नको. आधारकार्ड आणि चार शेजारणींची एकमेकींना हमी एवढे त्याला पुरते. व्याज मात्र हवे, आणि हप्ता ठरलेल्या वारी हवा.

हे चित्र कल्पनेतले आहे. परंतु त्यातील एकही तपशील आपल्याला अनोळखी नाही. मराठीत ‘पत’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पत म्हणजे कर्ज मिळण्याची योग्यता, आणि पत म्हणजे माणसाची अब्रू, त्याच्या शब्दाची किंमत. म्हणून प्रश्न असा, की जी स्त्री पूर्ण वेळ घर सांभाळते, तिची स्वतःची काही पत असते की नसते? बँकेने त्या भगिनीला चार प्रश्न विचारले आणि चारही वेळा उत्तर ‘नाही’ असे आले. इस्लामी शिकवणीच्या प्रकाशात ती चार उत्तरे आपण पुन्हा तपासून पाहू. दोष बँकेच्या खिडकीत किती आणि आपल्या उंबऱ्याच्या आत किती, हे त्यातून कळेल.

तारण : दागिने कोणाचे?

विवाहाच्या वेळी निश्चित झालेला मेहर ही पत्नीची मालमत्ता आहे. तो तिच्या वडिलांचा नाही, सासरचा नाही आणि पतीचाही नाही. सूरह अन्-निसाच्या ४थ्या आयतीत पुरुषांना आदेश आहे, की त्यांनी स्त्रियांना त्यांचा मेहर खुशीने द्यावा. तिने आपण होऊन, प्रसन्न मनाने त्यातील काही सोडले तरच ते पतीला घेता येते. ‘प्रसन्न मनाने’ ही अट लक्षात घ्या. पहिल्या रात्री संकोचाच्या क्षणी माफ करून घेतलेला, किंवा जनाजा घरात असताना चार बायकांनी विधवेच्या तोंडून वदवून घेतलेला ‘माफ केला’ हा शब्द त्या अटीत कसा बसणार? याच सूरहच्या २०व्या आयतीत सांगितले आहे, की पत्नीला मोठी संपत्ती दिली असली तरी तिच्यातून काहीही परत घेऊ नका.

जो मेहर नंतर देण्याचे ठरते, तो पतीच्या डोक्यावरचे कर्ज असतो. म्हणजे ज्या भगिनीला आपण निर्धन समजतो, ती कित्येकदा आपल्याच पतीची धनको असते. वारसाहक्काच्या आयतींमध्ये (अन्-निसा : ११-१२) मृत्युपत्र व कर्ज यांची पूर्तता झाल्यानंतरच वाटणी करण्याचा आदेश पुन्हा पुन्हा आला आहे. न दिलेला मेहर त्या कर्जातच मोडतो. पती वारला तर आधी पत्नीचा मेहर फेडायचा आणि मग वारसांचे हिस्से काढायचे, असा क्रम आहे.

दागिन्यांच्या बाबतीत आपली एक विसंगती तर अगदी उघड आहे. हनफी मतानुसार सोने निसाबापर्यंत पोचले, की दागिन्यांवरही जकात लागू होते. ती कोणावर? ज्याच्या मालकीचे दागिने त्याच्यावर, म्हणजे पत्नीवर. रमजानमध्ये आपण तिला आठवण करून देतो, “तुझ्या दागिन्यांची जकात काढायची आहे.” मग सहा महिन्यांनी दुकानात माल भरायचा असतो तेव्हा तेच दागिने ‘घरचे’ कसे होतात? जकात देताना तिचे आणि गहाण ठेवताना घराचे, असा न्याय शरीअतमध्ये कोठेही नाही. तिने संमतीने दिले असतील तर पतीने ते सोडवून परत केलेच पाहिजेत. ती तिची अमानत आहे. तिने भेट म्हणून दिले असतील तर गोष्ट वेगळी. परंतु भेट होती की उसने होते हे तिने सांगायचे आहे. पतीने ते गृहीत धरायचे नाही.

पत्नीची संपत्ती किती स्वतंत्र आहे हे एका प्रसंगातून स्पष्ट होते. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) हे थोर सहाबी निर्धन होते. त्यांच्या पत्नी हजरत जैनब (रजि.) यांच्याकडे स्वतःची संपत्ती होती. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारून घेतले, की मी माझ्या पतीवर आणि माझ्याकडे असलेल्या अनाथ मुलांवर खर्च केला तर ते दान ठरेल काय? प्रेषितांनी (स.) उत्तर दिले, की त्याचे दुहेरी पुण्य आहे, एक नातेसंबंध जपल्याचे आणि दुसरे दानाचे. ही हदीस सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये आहे. विचार करा : पत्नीचे धन जर आपोआप पतीचेही असते, तर ते पतीला देणे हे दान कसे ठरले असते? दान दुसऱ्याला केले जाते. एका छपराखाली राहणाऱ्या दोघांच्या दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत, हे त्या उत्तरात गृहीत धरलेले आहे. दान व भेट देताना पत्नीने काय मर्यादा पाळावी याबद्दल फुकहांमध्ये, विशेषतः मालिकी मतात, चर्चा आहे. परंतु तिच्या धनाची मालक तीच, याबद्दल मतभेद नाही.

जमीन : हक्कसोडपत्राचा कागद

सूरह अन्-निसाच्या ७व्या आयतीत अल्लाहने स्पष्ट केले, की आई-वडील आणि जवळचे नातलग जे मागे सोडून जातात त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही वाटा आहे. मालमत्ता थोडी असो की पुष्कळ, तो वाटा ठरलेला आहे. तो ठरवणारा अल्लाह आहे, म्हणून तो काढून घेण्याचा अधिकार भावांच्या बैठकीला नाही.

तरीही तलाठी कार्यालयात काय घडते हे आपण सर्व जाणतो. वडिलांचे चाळिसावे उरकण्यापूर्वी बहिणींना बोलावले जाते. कागद तयार असतो. “सही कर, माहेर तुटायला नको,” एवढे एक वाक्य पुरते. नमाज, रोजा यांच्या बाबतीत काटेकोर असलेली कुटुंबेही येथे मागेपुढे पाहत नाहीत. हुंड्यात दिले, लग्नात खर्च केला, सणाला बोलावतो, अशी कारणे दिली जातात. यातील एकही कारण कुरआनने ठरवलेला वाटा रद्द करू शकत नाही. वाटा आधी बहिणीच्या ताब्यात द्यावा. मग तिला तो भावाला द्यावासा वाटला तर ती देईल. हातात न आलेली वस्तू ‘सोडून देणे’ हे औदार्य नसते. बहुतेक वेळा ती लाचारी असते.

या एका सहीची किंमत वीस वर्षांनी बँकेच्या खिडकीपाशी कळते. जिच्या नावावर अर्धा एकर किंवा एक खोली असती, तिला तारण काय असा प्रश्न पडला नसता.

उत्पन्न : घरकामाचा दाखला कोण देणार?

भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या वापराचे देशव्यापी सर्वेक्षण केले. त्यात असे दिसून आले, की घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर ती कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. लहान मुलांचे आणि वृद्धांचे संगोपन यात धरलेले नाही. दिवसाचे पाच तास, वर्षाचे ३६५ दिवस. आणि अर्जातील ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘काही नाही’!

इस्लामने पत्नीला कमावण्याची सक्ती केलेली नाही. तिचे अन्न, वस्त्र व निवारा ही पतीची जबाबदारी आहे (अल्-बकरा : २३३, अन्-निसा : ३४). हा नफका म्हणजे पतीचा उपकार नव्हे. तो तिचा हक्क आहे आणि तो ऐपतीप्रमाणे द्यायचा आहे (अत्-तलाक : ७). येथे हजरत हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांचा प्रसंग आठवतो. त्यांनी प्रेषितांकडे (स.) तक्रार केली, की अबू सुफ्यान हात आखडता घेतात, मला व मुलांना पुरेसे देत नाहीत, त्यांच्या नकळत मी काही घेतले तरच भागते. प्रेषितांनी (स.) त्यांना पतीच्या मालातून स्वतःला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल एवढे घेण्याची मुभा दिली. ही हदीसही बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. जी वस्तू मालकाच्या नकळत घेण्याची मुभा खुद्द अल्लाहचा प्रेषित देतो, ती चोरी असू शकत नाही. तो तिचाच हक्क असतो. आणि ‘रीतीप्रमाणे’ या अटीने त्या हक्काला मर्यादाही घातली आहे. उधळपट्टीला तेथे वाव नाही.

आपल्या फुकहांनी तर याहून पुढचा विचार केला आहे. भारतातील मदरशांमध्ये आजही शिकवल्या जाणाऱ्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात, जो बाराव्या शतकात बुरहानुद्दीन मर्गीनानी यांनी लिहिला, एक प्रश्न चर्चिला आहे : पती इतका तंगीत आला, की पत्नीचा नफका देऊ शकत नाही, तर काय करावे? हनफी उत्तर असे, की तेवढ्यावरून विवाह मोडू नये. काझीने पत्नीला पतीच्या नावे कर्ज काढण्यास सांगावे. तिने असे घेतलेले कर्ज पतीवर राहते आणि देणेकरी ते पतीकडून वसूल करू शकतो. आठशे वर्षांपूर्वी आपल्या न्यायशास्त्राने घर सांभाळणाऱ्या स्त्रीला कर्ज कोणत्या आधारावर मिळावे याचे उत्तर देऊन ठेवले होते. तिचा आधार होता तिचा नफक्याचा हक्क.

आता आधुनिक जगाकडे पाहा. अमेरिकेत २००९ साली क्रेडिट कार्डांविषयी एक कायदा झाला. त्याच्या २०११ च्या नियमानुसार अर्जदाराचे स्वतःचे स्वतंत्र उत्पन्न पाहिले जाऊ लागले, आणि पूर्ण वेळ घर व मुले सांभाळणाऱ्या मातांचे अर्ज नाकारले जाऊ लागले. त्यावर बरीच ओरड झाली. अखेर २०१३ साली नियम बदलला आणि २१ वर्षे पूर्ण झालेल्या अर्जदाराला, जे उत्पन्न आपल्याला वापरायला मिळेल अशी वाजवी अपेक्षा आहे, तेही अर्जात दाखवता येऊ लागले. जगातील सर्वांत धनाढ्य देशालाही गृहिणीची पत मान्य करायला एवढा खटाटोप करावा लागला. तेथील नियम पतीच्या उत्पन्नाकडे पत्नीची ‘अपेक्षा’ म्हणून पाहतो; शरीअत त्यातील एका भागाकडे तिचा ‘हक्क’ म्हणून पाहते. एवढी शिकवण हाती असताना आपल्या घरातील स्त्रीला रिक्षाच्या भाड्यासाठी हात पसरावा लागत असेल, तर उणीव शिकवणीत नाही.

जामीन : तिच्या शब्दाची किंमत

राहिला शेवटचा प्रश्न. स्त्रीचा शब्द कर्जाला पुरेसा आहे काय? याचे उत्तर पुन्हा त्याच हजरत हिंद (रजि.) यांच्या आयुष्यात सापडते. पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, अबू सुफ्यान यांच्यापासून विभक्त झाल्यावर, त्यांनी बैतुलमालमधून चार हजारांचे कर्ज मागितले. त्यावर व्यापार करू आणि रकमेची जबाबदारी माझी राहील, असे सांगितले. हजरत उमर (रजि.) यांनी ते दिले. त्यांनी कल्ब जमातीच्या प्रदेशात जाऊन खरेदी-विक्री केली. परत आल्यावर त्यांनी तोटा झाल्याचे सांगितले. हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा, की धन माझे असते तर सोडून दिले असते, परंतु हे मुसलमानांचे धन आहे. इमाम तबरी यांच्या इतिहासग्रंथात हा वृत्तान्त आला आहे.

या वृत्तान्ताचे दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. कर्ज देताना खलिफांनी एका स्त्रीच्या शब्दावर सार्वजनिक खजिना उघडला. आणि परतफेडीच्या वेळी ती स्त्री आहे म्हणून सूट दिली नाही. विश्वास आणि जबाबदारी यांची ही जोडी म्हणजेच पत. जिला विश्वास मिळत नाही तिची पत उभी राहत नाही. आणि जिला जबाबदारीतून वगळले जाते तिचीही राहत नाही.

कर्ज म्हणजे मुक्ती नव्हे

येथे थांबून एक सावधगिरीचा शब्द सांगणे आवश्यक आहे. आजकाल असे बोलले जाते, की स्त्रीच्या हाती कर्ज दिले की ती स्वावलंबी झाली. इस्लामची दृष्टी इतकी भाबडी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या दुआंमध्ये कर्जाच्या ओझ्यापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. एका मृत सहाबींवर कर्ज आहे असे कळल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांची जनाजाची नमाज स्वतः पढवली नाही, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतल्यावरच पढवली. कर्ज माणसाच्या मृत्यूनंतरही त्याचा पाठलाग करते, ही शिकवण त्यातून मिळते. आणि व्याजी कर्जाबद्दल तर सूरह अल्-बकराच्या २७५ ते २७९ या आयतींतील इशारा इतका कडक आहे, की त्यानंतर कोणत्याही श्रद्धावंताने ‘थोडेसेच तर व्याज आहे’ असे म्हणण्याचे धाडस करू नये.

गल्लीत येणाऱ्या गटकर्जाकडे या दृष्टीने पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार, वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्म कर्ज मानले जाते, आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत अशी मर्यादा आहे. निम्मे उत्पन्न! उरलेल्या निम्म्यात भाडे, रेशन, औषध आणि शाळा. एकीचा हप्ता चुकला, की शेजारणीच तिच्या दारात उभ्या राहतात. ज्या नात्यांनी आजारपणात डबा पोचवायचा, ती नाती वसुलीच्या कामाला लागतात.

याहून दुःखद प्रकार आणखी एक आहे. पुष्कळ ठिकाणी हे कर्ज निघते पत्नीच्या नावावर, परंतु पैसा जातो पतीच्या किंवा दिराच्या हातात. तिच्या वाट्याला येते फक्त सही, हप्ता आणि थकबाकीचा डाग. पुढे ती खरोखर स्वतःसाठी काही मागायला गेली, तर न वापरलेल्या कर्जाची थकबाकी तिच्या नावासमोर दिसते. एकमेकांचा माल अन्यायाने खाऊ नका, असा आदेश सूरह अन्-निसाच्या २९व्या आयतीत आहे. पत्नीची पत खाणे हाही माल खाण्याचाच प्रकार नव्हे काय? ज्याने तिच्या नावावर कर्ज काढायला लावले, त्याने ते अल्लाहला साक्षी ठेवून आपले कर्ज समजावे आणि फेडावे.

एक आक्षेप

काही बंधू म्हणतील, “पती सर्व काही आणून देतो. मग पत्नीला वेगळे पैसे, वेगळे खाते, वेगळी पत हवी कशाला? याने घरात ‘माझे-तुझे’ सुरू होईल.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे कुटुंब एकसंध राहावे ही इच्छा आहे, आणि ती चांगली आहे. ज्या घरात दोघांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास आहे, तेथे पैशांच्या मोजमापाची आठवणही होत नाही. अशी घरे अल्लाहने अधिक करावीत.

तथापि, दोन गोष्टींचा विचार व्हावा. पहिली अशी, की कुटुंबातील प्रेम आपल्याहून अधिक जाणणाऱ्या अल्लाहनेच पुरुषांना त्यांनी कमावलेल्याचा आणि स्त्रियांना त्यांनी कमावलेल्याचा वाटा असल्याचे सांगितले आहे (अन्-निसा : ३२). स्वतंत्र मालकीने कुटुंब मोडत असते तर ही व्यवस्था आलीच नसती. दुसरी गोष्ट मृत्यूची. पती आज आहे, उद्या नसेल. इद्दतीच्या काळात प्रथमच बँकेची पायरी चढणारी विधवा, जिला पतीवर कोणाचे किती देणे आहे आणि पतीचे कोणाकडे किती येणे आहे यातले काहीच ठाऊक नाही, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला जपले, असे म्हणता म्हणता आपण तिला असहाय करून ठेवले. जिच्यावर आपले प्रेम आहे, तिला आपल्यामागे कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये, याची तजवीज प्रेमातच मोडते.

आणि ज्या घरात तो विश्वास नाही, तेथे हा आक्षेप घेण्याचा अधिकारही राहत नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने पत्नीची मालमत्ता परस्पर विकून टाकणे किंवा तिला तिच्या मालमत्तेवरील हक्क बजावू न देणे याची गणना क्रूरतेत केली आहे. त्या कायद्यामागे उलेमांचे प्रयत्न होते आणि त्याचा आधार मालिकी फिकह होता. हाताने मारणे हीच तेवढी क्रूरता, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपण काय करू शकतो?

सुरुवात घरापासून व्हावी. मेहर द्यायचा राहिला असेल तर आज त्याचा हिशेब काढा. एकरकमी शक्य नसेल तर महिन्याला ठरावीक रक्कम तिच्या खात्यात भरा. ऐपत असूनही देणे लांबवणाऱ्याचे वर्तन प्रेषितांनी (स.) जुलूम म्हटले आहे, तो जुलूम परक्या सावकारावर होतो तसाच पत्नीवरही होतो. दागिने घेतले असतील तर सूरह अल्-बकराच्या २८२व्या आयतीप्रमाणे लिहून ठेवा : किती वजन, कोणत्या तारखेला, कधी परत. व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे त्या आयतीत सांगितले आहे. पत्नीशी झालेला व्यवहार त्यातून वगळलेला नाही.

बहिणींचा वाटा राहिला असेल तर त्यांना बोलावून तो द्या, आणि सही घेण्याऐवजी सही करा. घरखर्चाव्यतिरिक्त, ऐपतीप्रमाणे, थोडी का होईना पण ठरावीक रक्कम गृहिणीच्या हाती राहू द्या, जिचा हिशेब तिला कोणी विचारणार नाही. राज्य शासनाच्या २०२४ च्या योजनेतून अनेक भगिनींच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये येऊ लागले, तेव्हा काही घरांत पहिला प्रश्न आला तो “पासबुक कुठे आहे?” असा. ते पैसे तिचे आहेत. तिने घरासाठी वापरले तर ते तिचे औदार्य होय, आणि हजरत जैनब (रजि.) यांच्या प्रसंगाप्रमाणे तिला त्याच्या पुण्याची आशा आहे.

मग समाजाची पाळी येते. आपल्या वस्त्यांत भगिनींची भिशी चालते. दहा जणी दरमहा सारखी रक्कम टाकतात आणि चिठ्ठी काढून एकीला सर्व रक्कम मिळते. जिला आधी मिळते तिला ते इतरांनी दिलेले बिनव्याजी कर्जच असते. अशा साध्या भिशीला अनेक उलेमांनी वैध मानले आहे. मात्र बोली लावून, कमी रक्कम घेऊन नंबर आधी घेण्याची जी पद्धत आहे, तिच्यात व्याजाचा शिरकाव होतो. तिच्यापासून दूर राहावे. आपल्या देशात बिनव्याजी कर्जाचा अनुभवही जुना आहे. देवबंद येथे १९६१ साली मुस्लिम फंड सुरू झाला. लोकांच्या ठेवींतून दागिन्यांच्या तारणावर बिनव्याजी कर्ज देण्याची पद्धत तेथे रुळली. पुढे सहकारी पतसंस्थांच्या रूपाने असे प्रयत्न इतरत्रही झाले. आपल्या गावात अशी संस्था असेल तर तिच्यात ठेव ठेवा. नसेल तर मशिदीच्या विश्वस्तांनी, दहा-वीस सुस्थित कुटुंबांनी मिळून कर्जे हसनाचा छोटा निधी उभारावा, ज्याचा हिशेब चोख, कागद पक्का आणि दार गृहिणींसाठी उघडे असेल. परतफेडीची क्षमता पाहावी, गरज पाहावी. तिच्यामागे कोण पुरुष उभा आहे हे पाहण्याची आवश्यकता नाही. जी खरोखर अडचणीत येईल तिला सवड द्यावी. सोडून देणे तर अधिक चांगले, असे अल्-बकराच्या २८०व्या आयतीत सांगितले आहे. जी कर्जात पुरती बुडाली असेल, तिच्यासाठी जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जदारांचा वाटा आहेच (अत्-तौबा : ६०).

आणि भगिनींनो, तुमच्याशीही एक शब्द. पत हक्काने मिळते तशी ती वागण्याने टिकते. लग्नातील मानपानासाठी, शेजारणीच्या घरी आले म्हणून आपल्याही घरी यावे यासाठी कर्ज घेऊ नका. जे घ्याल ते लिहून घ्या आणि वेळेवर फेडा. ज्या कागदावर तुमचे नाव आहे तो वाचल्याशिवाय सही करू नका. मग तो कागद बँकेचा असो, गटाचा असो, की भावाने पुढे केलेला असो.

आता पुन्हा त्या खिडकीपाशी या. तिचे दागिने तिच्या ताब्यात असते, वडिलांच्या घरातील तिचा वाटा तिच्या नावावर असता, मेहर तिच्या खात्यात जमा झाला असता, तर ती खिडकीपाशी आलीच नसती. तिने आपल्याच पैशांतून यंत्र घेतले असते. जे कर्ज ती परक्यांकडे मागत होती, त्याहून अधिक तिचे घेणे कदाचित तिच्या माहेरी आणि सासरीच थकले होते. कियामतच्या दिवशी ही थकबाकी आपल्या नावावर निघू नये म्हणून आज घरी गेल्यावर हिशेबाची वही उघडा, आणि पहिल्या पानावर तिचे नाव लिहा.

अल्लाह आपल्या सर्वांना हक्कदारांचे हक्क देण्याची सुबुद्धी देवो, आपल्या घरांना व्याजाच्या आणि अन्यायाच्या कमाईपासून सुरक्षित ठेवो. आमीन.